रिझर्व्हचा दिवा लागल्यावरही गाडी पळवली तर फ्युएल पंप खरंच जातो का?

मोंढा_नाका
मंडळी, एक शंका. गाडी पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक. रोज शहरातून वाळूजला जाणं-येणं आणि सणावाराला गावाकडे, अंबाजोगाईच्या अलीकडे. टाकी फुल करायची सवय नाही. पाचशेचं टाकायचं, दिवा लागला की परत पाचशेचं. हल्ली पाचशेत पाच लिटरही येत नाही, त्यामुळे दिवा विझला म्हणेपर्यंत परत लागतो.

कंपनीतला सहकारी म्हणतो, टाकी अशी कायम तळाला ठेवलीस तर फ्युएल पंप जळणार, तळाचा कचरा इंजिनात जाणार. आमचे मामा आयुष्यभर जीप चालवलेले. ते म्हणतात, दिवा कंपनीने लागण्यासाठीच दिलाय, लागू दे. दोघंही इतक्या ठामपणे सांगतात की मध्ये बोलायची सोय नाही. खरं कुणाचं? थिअरी चालेल, पण अनुभव आधी सांगा.

सोयाबीन_शेठ
पाचशेवाल्यांची संघटना काढा. अध्यक्ष मी. वर्गणी मात्र उधार राहील.

नाथसागर
सहकारी बरोबर बोलतोय. जायकवाडीचं बघा. एकूण साठा १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं की शहराच्या पाण्यासाठी आपत्कालीन पंप लावतात आणि नळाला गढूळ पाणी येतं. गाडीच्या टाकीचंही तेच. रिझर्व्ह म्हणजे मृतसाठा. तळाला गाळ असणारच, तो ओढला की फिल्टर चोक. आम्ही मराठवाड्यातली माणसं, टाकीचा तळ दिसला की काय होतं ते आम्हाला नव्याने सांगायला नको.

परभणीकर
+१. उपमा फर्मास.

गॅरेज_गल्ली
उपमा फर्मास आहे पण लागू पडत नाही. धरणात दरवाजे आणि कालवे तळाच्या बरेच वर असतात, त्यांच्याखाली उरतो तो मृतसाठा. गाडीत तसं नसतं. पेट्रोल ओढायची जाळी टाकीच्या तळालाच टेकलेली असते. टाकी फुल असो की रिकामी, पेट्रोल कायम तळातूनच ओढलं जातं. म्हणजे कचरा असेल तर तो फुल टाकीतही जाळीपर्यंत जातोच, रिझर्व्हची वाट बघत बसत नाही. शिवाय आताच्या बहुतेक टाक्या प्लास्टिकच्या, त्यांना गंज नाही. जुन्या पत्र्याच्या टाकीत गंजाची पापडी सुटायची, ही कचऱ्याची भीती तिथून आलेली आहे. तेव्हा ती खरीच होती.

आता पंप. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फ्युएल पंप टाकीच्या आत बसवलेला असतो. त्याची मोटर पेट्रोलनेच थंड होते आणि पेट्रोल हेच तिचं वंगण. म्हणून लोक म्हणतात की लेव्हल खाली गेली, पंप उघडा पडला की तापतो. यात निम्मं तथ्य आहे. पंपाच्या आतून पेट्रोल वाहत असतं, त्यामुळे पुरवठा सुरू आहे तोवर तो आतून थंड होत राहतो. आणि पुष्कळ गाड्यांत पंपाभोवती एक वाटी असते. टाकीत थोडंच पेट्रोल असलं तरी वाटी भरलेली राहते.

खरा त्रास वाटीही रिकामी झाल्यावर. तीन-चार लिटर उरलेलं असताना लांबलचक चढ किंवा जोरात वळण आलं की पेट्रोल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. गाडी हिसके द्यायला लागते ती तेव्हा. एकदा झालं म्हणून पंप जात नाही. रोज होत असेल तर पंपाचं आयुष्य कमी होणारच.

त्यामुळे सहकारीही निम्मा बरोबर आणि मामाही. फक्त मामांच्या जीपचा आणि तुमच्या गाडीचा संबंध नाही. जुन्या जीपमध्ये पंप इंजिनजवळ असायचा, टाकीत नाही.

मोंढा_नाका
वा. म्हणजे दिवा लागला तरी चालेल, हिसके द्यायला नकोत?

मांजराकाठ
थांबा, इतक्यात निकाल लावू नका. माझा अनुभव उलटा आहे. मी शिक्षिका, लातूरहून उदगीरकडे रोज जाणं-येणं. गाडी आमच्या ह्यांची पण चालवते मी आणि पेट्रोल भरतात हे. ह्यांचा हिशोब असा की टाकीत पैसे कोंडून कशाला ठेवायचे. काटा कधी पावच्या वर गेलेला मी बघितला नाही. एका उन्हाळ्यात भर दुपारी गाडी रस्त्यातच बंद पडली. सेल्फ मारला की नुसती फिरायची, सुरू होईना. टोचन लावून आणली. पंप गेला होता. मेकॅनिकने बिल हातात देताना सांगितलं, ताई, टाकी अर्धी ठेवत जा. आता बोला.

गॅरेज_गल्ली
ताई, गाडीचं रनिंग किती झालं होतं तेव्हा?

मांजराकाठ
लाखाच्या वर.

गॅरेज_गल्ली
मग नुसत्या बिलावरून सांगता येणार नाही. लाखाच्या पुढे पंप तसाही जाऊ शकतो, फुल टाकीवाल्यांचेही जातात. आमच्याकडे पंप बदलायला आला की आम्हीही सवयीने हेच सांगतो, टाकी अर्धी ठेवा. काहीतरी कारण सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. पण उन्हाळ्याचा मुद्दा तुम्ही बरोबर धरलात. कमी पेट्रोल लवकर तापतं आणि चाळीसच्या वरच्या पाऱ्यात गरम पेट्रोल पंपाला थंड करणार तरी किती? एप्रिल-मे महिन्यात मी स्वतः पावच्या खाली जात नाही.

मांजराकाठ
हे उत्तर ह्यांना वाचून दाखवते. पहिला अर्धा भाग गाळून.

बालाघाट
पेट्रोलवाल्यांचं लई कौतुक चाललंय. डिझेलचं बोला की कुणीतरी. डिझेल तळाला गेलं तर काही नाही, पण संपलं तर मेलात.

आमचं केजकडं. ट्रॅक्टर जुना, काटा कवाच मेलेला, टाकीत काडी घालून बघायचं. गाळपाचे दिवस, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ड्रायव्हर म्हणला कारखान्यापर्यंत जातंय. गेलं नाही. रातच्याला चढाला इंजिन गप. मागं ट्रॉल्यांची रांग, पुढून एसटी, समदे हॉर्न वाजवायलेत. गावातून कॅनमधी डिझेल आणून ओतलं तरी सुरू होईना, कामून की लाइनीत एअर धरली. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, फीड पंपाचा दांडा हातानं मारा, फेस यायचा थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळा. तरी नाही झालं तर नोझलच्या नळ्या ढिल्या करा. बॅटरीच्या उजेडात, थंडीत, हात डिझेलनं माखलेले. ड्रायव्हरला त्या दिवशी काय काय बोललो ते इथं लिहिलं तर खातं बंद होईल.

जुन्या इंजिनाचं एवढ्यावर निभावतं. आताच्या कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतून जबर दाबानं डिझेल फवारणाऱ्या गाड्यांचं काय ते गॅरेजवाले सांगतील.

गॅरेज_गल्ली
बालाघाट दादा बोलले ते शंभर टक्के. कॉमन रेलमध्ये मामला महाग होतो. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. डिझेल संपून तो कोरडा फिरला तर आतून घासतो, धातूचा कीस निघतो आणि तो इंजेक्टरपर्यंत जातो. मग पंप, इंजेक्टर, रेल असं सगळंच उतरवावं लागतं. कधीकधी गाडीच्या किमतीशी बिलाची तुलना करायची वेळ येते. डिझेलवाल्यांनी संपेपर्यंत ताणू नये. आणि संपलंच तर सेल्फ मारत बसू नये. हाताने दाबायचा प्रायमर असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ.

पेट्रोलवालेही संपवून सुटत नाहीत. शेवटच्या थेंबांवर इंजिन मिसिंग करतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. तोही स्वस्त नाही.

रिकामटेकडा
आमच्या चेतकला ना काटा होता ना दिवा. बंद पडली की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. रिझर्व्हही संपला की स्कूटर आडवी करायची, कान पिळल्यासारखी. मग उभी करून किक. पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत चालायची. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा, म्हणजे आमची स्कूटर इथलीच लेक म्हणायची. तिला माहेरच्या रस्त्यावर बंद पडायला कधी लाज वाटली नाही.

सोयाबीन_शेठ
कार आडवी करून बघितली का कुणी?

रिकामटेकडा
धुळे-सोलापूर रस्त्यावर रोज कुणी ना कुणी करतंच आहे. पेट्रोल असताना.

गोदाकाठ
सीएनजीवाल्यांचा कुणी वाली नाही का? माझी गाडी सीएनजी. आमच्याकडे सीएनजीची रांग म्हणजे अर्धा दिवस, पण परवडतं म्हणून थांबतो. पेट्रोल मात्र पाहुण्यासारखं, सणाला दोन लिटर. पेट्रोलचा दिवा कायम लागलेला, त्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं. एकदा सीएनजी संपला, पेट्रोलवर टाकली, गाडी ठप्प. पंप गेलेला. वापरलाच नव्हता तर गेला कसा?

गॅरेज_गल्ली
वापरला नव्हता असं तुम्हाला वाटतं. पुष्कळ गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि इंजिन तापल्यावर सीएनजीवर जातात. बऱ्याच किटमध्ये सीएनजीवर गेल्यावरही पेट्रोलचा पंप आत फिरतच राहतो. इंजिनाला पेट्रोल जात नाही, तेच तेच दोन लिटर गोल फिरून तापत राहतं. मूळ प्रश्नाला ठाम ‘हो’ असं उत्तर द्यायचं झालं तर ते सीएनजीवाल्यांना द्यावं लागेल. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. आणि अधूनमधून थोडं पेट्रोलवर चालवा, नाहीतर आहे ते शिळं होतं.

उसाचा_रस
शिळं होणारच, त्यात आता ऊस आहे ना! २०३० चं वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य सरकारने २०२५ वर आणलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी रिकामी म्हणजे आत हवा जास्त, हवा जास्त म्हणजे दमट हवा जास्त. म्हणून टाकी फुल ठेवा. या धाग्यात हा मुद्दा अजून आलाच नाही याचं नवल वाटतं.

बालाघाट
उसाला नावं ठेवू नका. तुमच्या टाकीतलं इथेनॉल आमच्या ट्रॉलीतून गेलंय. आम्ही रात्र जागलो तेव्हा तुमची गाडी पळायली.

उसाचा_रस
नावं ठेवत नाही दादा, नाव बघा माझं. पण मायलेज उतरलंय त्याचं काय? नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात लिहिलंय की जुन्या घडणीच्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल. माझं त्याहून जास्त उतरलं.

परभणीकर
तुमचं उतरलं कारण तुम्ही एसी लावून टपरीसमोर उभे असता. बघितलंय आम्ही.

संपादक
इथेनॉलवर आधीचे तीन धागे जिवंत आहेत. कृपया तिकडे भांडावे.

गॅरेज_गल्ली
संपादकांची क्षमा मागून एकच वाक्य. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवडाभरात जळून जातं, पाणी साठायला वेळच मिळत नाही. पावसाळाभर अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी मात्र रिकामी ठेवू नका.

पाचोडची_मोसंबी
मला इंजिनातलं कळत नाही, रस्त्यातलं कळतं. टाकी भरलेली असावी हे मी समृद्धीवर शिकले. ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्यातला नागपूर ते शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्ये आधी सुरू झाला आणि तेव्हा वाटेत सोयी फारच तुटपुंज्या होत्या. जालन्याहून चढलो तेव्हा स्क्रीनवर दाखवत होतं, अजून दीडशे किलोमीटर जाईल. भाऊ गाडी चालवत होता, रस्ता मोकळा, काटा एकशेवीसला चिकटलेला. आम्ही वीस किलोमीटर पुढे गेलो तर आकडा चाळीसने कमी. मग एसी बंद, काचा बंद, गाणी बंद, सगळे गप्प. जणू आमच्या बोलण्यावर पेट्रोल जळत होतं. शेवटी पुढच्या एक्झिटला उतरलो आणि गावातला पंप गाठला. गाडीच्या पंपाला काही झालं नसेल, आमच्या आईचं बीपी मात्र वाढलं.

गॅरेज_गल्ली
तो आकडा म्हणजे मागच्या थोड्या अंतराच्या सरासरीवर काढलेला अंदाज असतो. साठ-सत्तरच्या चालीच्या हिशोबाने तो दीडशे दाखवत होता. एकशेवीसला हवेचा विरोध खूप वाढतो, पेट्रोल जास्त लागतं, मग आकडा घसरतो. शेवटी-शेवटी त्यावर भरवसा ठेवून पैज लावू नये. काटासुद्धा तरंगत्या फ्लोटवर चालतो, चढाला एक दाखवतो आणि उताराला दुसरंच.

तुळजापूर_रोड
विरुद्ध मत मांडतो. टाकी फुल म्हणजे वीसेक लिटर जादा वजन सतत वाहायचं. मायलेज जातं. माझ्या मते मोंढा_नाका यांचा पाचशेचा हिशोब बरोबर आहे.

नाथसागर
वीस लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पंधरा किलो. तुमच्या डिकीतली ती जुनी सतरंजी, पाण्याचे कॅन आणि नारळाचं पोतं काढा, त्याहून जास्त वाचेल.

तुळजापूर_रोड
नारळ देवीचे आहेत. त्यांना हात लावू नका.

परभणीकर
आता आमचं ऐका. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि पेट्रोलच्या भावात तर आम्ही जर्मनीलाही विचारत नाही. कारण काय, तर आमचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येतं, जवळपास ३०० किलोमीटर. ते भाडं लिटरवर बसतं. त्यामुळे परभणीकर बाहेरगावी गेला की येताना टाकी फुल करून येतो. पाहुण्यांकडे चहा नसला तरी चालेल, त्यांच्या गावात पेट्रोल पंप पाहिजे. तात्पर्य, परभणीकरांचे फ्युएल पंप या कारणाने तरी जाणार नाहीत.

मांजराकाठ
पानेवाडीवरून आठवलं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिट अँड रनच्या नव्या कायद्यावरून ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. लातुरात पंपावर ही रांग, बाटल्या घेऊन माणसं. आमच्या ह्यांचा काटा नेहमीप्रमाणे तळाला. शाळेला मी एसटीने गेले आणि हे रांगेत उभे राहिले. तेव्हापासून अर्ध्या टाकीचा कायदा आमच्या घरात संमत झाला, पंप गेला तेव्हा झाला नव्हता.

सोयाबीन_शेठ
अवांतर: सकाळी गार असताना पेट्रोल भरलं तर जास्त येतं म्हणतात. मी पहाटे उठून जातो.

गॅरेज_गल्ली
पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. झोपा निवांत. मापावर शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा हक्क आहे. फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते. पहाटे उठण्यापेक्षा ते कामाचं.

सोयाबीन_शेठ
पाच लिटरचं माप मागायला पाच लिटर तरी भरावं लागेल ना. आम्ही पाचशेवाले.

मोंढा_नाका
धाग्याने कुठे कुठे फिरवून आणलं. मला समजलं ते असं: माझ्या गाडीला दिव्यावर शहरात फिरून लगेच काही होणार नाही, पण गावाला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात तळाला टाकी नको. उन्हाळ्यात पावच्या खाली नको. उद्या गावाला निघतोय, आज दोन हजारांचं टाकलं. पंपावरचा ओळखीचा पोरगा म्हणाला, साहेब लॉटरी लागली का?

आता पुढचा प्रश्न. नोझल कट झाल्यावर पोरगा म्हणत होता, राउंड करू का, अजून बसेल. काठोकाठ भरलेलं चालतं?

गॅरेज_गल्ली
नाही. कट झालं की थांबवायचं. टाकीत वाफेसाठी जागा लागते आणि ती वाफ कोळशाच्या एका डब्यात जाते. गळ्यापर्यंत भरलं की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरतं आणि डबा कामातून जातो. शिवाय उन्हात उभी केली की पेट्रोल फुगतं.

नाथसागर
म्हणजे काठोकाठ भरलं की सांडव्यातून सोडायचं.

गॅरेज_गल्ली
सांडवा नाहीये, तोच तर घोळ आहे.

बालाघाट
गॅरेजवाले, एक विचारायचं राहिलं. पुतण्यानं नवा टेम्पो घेतलाय, त्यात डिझेलबरोबर युरियाचं पाणी टाकावं लागतं म्हणतो. ते संपलं तर चालतंय का? का त्याचीबी एअर काढायची?

गॅरेज_गल्ली
एअर नाही काढायची, पण ते संपलं की पुष्कळ गाड्या बंद केल्यावर परत सुरूच होत नाहीत. चालू असताना इशारा खूप आधीपासून येतो, तो आला की भरायचं. आणि पुतण्याला सांगा, शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकायचा नाही. तसे दोन टेम्पो आमच्याकडे येऊन गेलेत.

बालाघाट
फोन लावतो त्याला आत्ताच. कालच गोणी मागत व्हता.